बासष्ट सालचा खर्ज

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये, फेंडरच्या कारखान्यात १९६२ साली घडलेल्या दोन बास गिटारी पुढे जगप्रसिद्ध झाल्या. एक डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनकडे होती, दुसरी फ्लोरिडात वाढलेल्या जॅको पास्टोरियसकडे. साल एक, कारखाना एक; पण एकीचा आवाज ऐकून दुसरीची आठवणसुद्धा होऊ नये!

जेमरसन हा मोटाउन कंपनीच्या गाण्यांचा कणा. त्याच्या प्रिसिजन बासवर जाडजूड फ्लॅटवाउंड तारा असत. या तारांवरचं वेढण चपट्या पट्टीचं असतं, त्यामुळे त्या हाताला गुळगुळीत लागतात आणि त्यांचा आवाज बसका येतो. तुटल्याशिवाय तो तार बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, तारा मानेपासून चांगल्याच उंच, आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. प्रत्येक सूर ठोस उमटायचा आणि रेंगाळायच्या आत विरायचा. आज ‘विंटेज टोन’ म्हणून ज्याची आरती ओवाळली जाते, तो हाच आवाज. त्यात गिटारीचा वाटा किती आणि मळलेल्या तारांचा किती?

जॅकोच्या जॅझ बासची मान निराळी. तिच्यावर फ्रेट, म्हणजे पडदे, नव्हते. फ्रेटबोर्डला बोटींसाठी वापरतात ते कडक इपॉक्सी फासलेलं होतं आणि वर गोल वेढणाच्या झणझणीत तारा. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर सतारीचे पडदे काढून तिला सरोदसारखा टणक, सपाट पत्रा द्यावा, तसा हा प्रकार. बोट एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतं, आणि पृष्ठभाग कडक असल्याने आवाज बुजत नाही, गातो. १९७६ साली जॅकोच्याच नावाने निघालेल्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये हे गाणं ऐकू येतं.

थोडक्यात, जुन्या गिटारीसाठी लाखो रुपये मोजणारा माणूस बऱ्याचदा लाकडाचे पैसे देतो आणि शोधत असतो तारा. १९६५ च्या आरंभी फेंडर कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर याने ती सीबीएस या कंपनीला विकली. त्याआधीच्या वाद्यांना ‘प्री-सीबीएस’ म्हणून जो भाव येतो, त्यात संग्राहकांची हौस मोठी आहे. याचा अर्थ जुन्या वाद्यात काहीच नाही असा नव्हे. हलकं, वाळलेलं लाकूड आणि वर्षानुवर्षं हात फिरून गोलावलेली मानेची कड यांचं सुख हातात घेतल्यावरच कळतं.

वाजवण्याच्या सोयीचं पारडं मात्र नव्याकडे झुकतं. १९५१ च्या पहिल्या प्रिसिजनने उभ्या डबल बासच्या ओझ्यातून वादकाची सुटका केली आणि फ्रेट देऊन सूर नेमका लागण्याची हमी दिली. नावातली अचूकता तीच. पण जुन्या फेंडरच्या मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारा दांडा, फिरवायचा तर मान सैल करावी किंवा काढावीच लागे. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात ज्याच्या गिटारीची मान वाकली आहे, त्याला यातला त्रास वेगळा सांगायला नको. आजच्या बऱ्याच बासमध्ये हे काम बाहेरूनच, तारा न उतरवता होतं. मानेत ग्राफाइटच्या कांड्या घालून ती ताठ ठेवायचीही पद्धत आहे. जुन्या फेंडरमध्ये सर्वांत बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, एखादा सूर मध्येच मरतो. तो दोष वादकाचा नसतो. मान स्वतःच त्या कंपनाला थरथरते आणि त्यातली ताकद शोषून घेते.

आवाज घडवण्यातला मोठा बदल पुन्हा लिओ फेंडरशीच जोडलेला आहे. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बासच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी आणि आवाजाचा संकेत वाढवणारा प्रीॲम्प होता. खर्ज आणि तार सप्तकाची धार गिटारीवरच वाढवता येऊ लागली. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना हे वरदानच ठरलं. बॅटरी ऐन कार्यक्रमात संपली की जुन्या वाद्याची किंमत कळते, ते सोडा.

मग पाचवी तार आली. नेहमीच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, तर पाचवीचा सुमारे ३१. चौतीस इंचांच्या जुन्या मापात ती तार ढिली वाटते, म्हणून कुणी मान पस्तीस इंचांची केली, तर कुणी फ्रेट पंख्यासारखे तिरके बसवले, म्हणजे जाड तार लांब राहते आणि बारीक तार आखूड.

जॅकोची बास १९८६ साली चोरीला गेली आणि तब्बल २० वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा उजेडात आली. जेमरसनची १९८३ साली, त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेली. ती अजून मिळालेली नाही. उद्या सापडलीच, तर बासवाल्यांचा पहिला प्रश्न एकच असेल: तारा त्याच आहेत ना?