जुन्या तोंडलीची जोपासना

तोंडलीचा वेल मांडवावर चढून दोनतीन वर्षें झालीं, म्हणजे पुष्कळ बागाईतदार त्याची निगा सोडितात व पुढें वेल म्हातारा झाला अशी तक्रार करितात. थंडींत पानें झडून फाटे वाळले कीं कांहीं जण तर तो खणूनही टाकितात, आणि नवा वेल भरास येईपर्यंत हातचा हंगाम घालवितात. वास्तविक त्या वेळीं मुळें जिवंत असून वेल केवळ निजलेला असतो. जाड खोडाची साल नखानें खरवडून पाहावी. आंत हिरवट ओल दिसल्यास कुदळ लावूं नये.

थंडी ओसरूं लागतांच, माघाच्या अखेरीस, छाटणी करावी. तोंडलीं नव्या फुटीवर धरतात. सबब जुन्या काड्यांचें जाळें कितीही भरगच्च दिसलें तरी तें राखण्यांत लाभ नाहीं. उलट त्याखालीं अंधार होऊन नवी फूट दुबळी निघते. मांडवापर्यंतचीं दोनतीन सशक्त खोडें ठेवून बाकीचें धारदार कोयत्यानें काढावें. एवढें कापण्यास मन धजत नाहीं हें खरें. पण अर्धवट छाटलेला वेल ना धड फुटतो, ना धड फळतो. नंतर आळें हलक्या हातानें चाळून, खोडापासून वीतभर दूर, दर वेलास दोन घमेलीं कुजलेलें शेणखत द्यावें. पाणी सांचूं देऊं नये.

वेल माजला पण फळ नाहीं, असें झाल्यास फूल पाहावें. तोंडलींत नर व मादी वेल निरनिराळे असतात. मादीच्या फुलामागें इवलेंसें तोंडलें असतें, नराच्या फुलामागें नुसता देंठ. बियांपासून केलेल्या लागणींत सुमारें निम्मे नर निघतात. ते सारे मात्र उपटूं नयेत. दहा माद्यांमागें एक नर राखावा.

तोडा तिसऱ्या-चौथ्या दिवशीं झालाच पाहिजे. किडकीं फळें बांधावर फेंकण्याची चाल फार घातक आहे. फळमाशीची अळी त्यांतून निघून मातींत कोष करिते. तीं हातभर खोल पुरावीं. हल्लीं क्यू-ल्यूरचे सापळे मिळतात, त्यांत नर माश्या सांपडतात. तरी पुरण्याचें काम चुकत नाहीं.

छाटणी व खत होऊनही फूट रोडकीच निघाली, तर एक मूळ उकरून पाहावें. त्यावर गांठी असल्यास तें सूत्रकृमींचें काम समजावें व वेल काढावा. तत्पूर्वीं भरपूर फळणाऱ्या मादी वेलाचे, चार डोळ्यांचे व पेन्सिलीएवढे जाड फाटे दुसरीकडे रुजवून घ्यावेत. नवा खड्डा, जेथें अलीकडे काकडी, दोडका यांसारखीं पिकें नव्हतीं, अशाच जागीं घ्यावा.