उमराहून परतल्यावरचा खोकला

हज-उमराहून कुणी परतले की आपल्या घरी जमजम आणि खजुरांबरोबर बहुधा खोकलाही येतो. गर्दीत लागलेली ती साधी सर्दी असते, आठवड्यात बरी होते. पण ताप वाढून दवाखान्यात जावे लागले, तर एक गोष्ट सांगायला आपण विसरतो. आपण कुठून आलो, ती.

माणसाला बाधणारे सात कोरोना विषाणू प्रामुख्याने माहीत आहेत. चार जुने, ते सर्दीच्या रूपाने घरोघरी येत-जात असतात. तीन आपल्या डोळ्यांदेखत आले: २००२ चा सार्स, २०१२ चा मर्स आणि २०१९ चा कोविड.

नवे विषाणू येतात कसे? फळ्यावरचा धडा वहीत उतरवताना मुले चुकतात, तसा विषाणूही स्वतःची नक्कल काढताना चुकतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र त्याला प्राण्यातून माणसात शिरायला वाट करून देते.

मर्स उंटांकडून आला. २०१२ मध्ये जेद्दाच्या एका रुग्णालयात ६० वर्षांच्या रुग्णाच्या नमुन्यात डॉ. अली मोहम्मद झकी यांना तो प्रथम सापडला. उंटाचे फक्त नाक वाहते. माणसांत मात्र नोंद झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. त्यावर अजून लस नाही.

हजच्या गर्दीतून मर्सची मोठी साथ पसरल्याची नोंद नाही, ही अल्लाहची मेहरबानी. पण २०१५ मध्ये आखाती देशांतून दक्षिण कोरियात परतलेला एक माणूस निदान होईपर्यंत निरनिराळ्या दवाखान्यांत फिरला. त्या साथीत १८६ जणांना लागण झाली, ३८ जण गेले.

म्हणून तिकडे गेल्यावर आपण उंटांजवळ जाऊ नये, बरकतीचे म्हणून त्यांचे कच्चे दूध पिऊ नये. परतल्यावर १४ दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना प्रवासाचे आधी सांगावे. दुआ घ्यायला येणाऱ्यांना तेवढे दिवस लांबूनच सलाम करावा. घरात म्हातारी माणसे, मधुमेही असतील तर जास्तच जपावे.

साथीच्या गावात जाऊ नये, तिथे असलो तर बाहेर पळू नये, ही शिकवण हुजूर (स.) यांनी आपल्याला चौदा शतकांपूर्वीच दिली आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ न देणे हाही इबादतीचाच भाग आहे.