'मिस्टर जोन्स': स्टालिनने लपवलेला दुष्काळ जगाला सांगणारा पत्रकार कोण होता?

अग्नियेश्का होलांड यांचा 'मिस्टर जोन्स' (2019) हा चित्रपट वेल्सचे पत्रकार गॅरेथ जोन्स यांच्यावर आहे. मार्च 1933 मध्ये खारकिवला निघालेले जोन्स मध्येच रेल्वेतून उतरले आणि युक्रेनची गावं पायी फिरले. सगळीकडे एकच आक्रोश, खायला ब्रेड नाही, आम्ही मरतोय. 29 मार्चला बर्लिनमध्ये त्यांनी हे जाहीर सांगितलं. दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या वॉल्टर ड्युरँटींनी ते खोडून काढलं. ड्युरँटींकडे 1932चं पुलित्झर होतं. आणि हो, ते अजूनही काढून घेतलेलं नाही! चित्रपटात जोन्स जॉर्ज ऑरवेलना भेटतात, प्रत्यक्षात अशा भेटीचा पुरावा नाही. ऑगस्ट 1935 मध्ये चीनच्या उत्तरेकडे अपहरणकर्त्यांनी जोन्स यांना गोळ्या घातल्या. तिसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता.