बॅटरीत पाणी शिरते कोठून?

पावसाळी रात्री हातातील बॅटरी विझली की आपण सेलला दोष देतो. पुष्कळदा तो बिचारा निर्दोष असतो. अपराधी असते ते बटण, नाहीतर बुडाचे झाकण. विषय किरकोळ वाटेल. पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्या नागपूरकरांना तसे वाटणार नाही. त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी झोपेतल्या वस्त्यांत शिरले. अशा वेळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला हातातला उजेड हाच आधार असतो.

बॅटरी म्हणजे एक नळकांडे. त्याच्या भिंतीतून पाणी झिरपत नाही. ते फटीतूनच येते. पुढची काच एकदा बसविली की हलत नाही, म्हणून तेथील फट बुजविणे सोपे. बटण मात्र हललेच पाहिजे. हलणारा भाग आणि बंद फट यांचा मेळ कसा घालावयाचा, हाच खरा प्रश्न आहे.

जुन्या पितळी बॅटरीचे सरकते बटण आपल्या परिचयाचे आहे. ते सरकावे म्हणून नळकांड्याला लांबट चीर पाडलेली असते. त्या चिरेतून पाणी आत शिरते, पट्टी गंजते आणि उजेड मिचमिचू लागतो.

दुसरा प्रकार बुडाशी असलेल्या दाबबटणाचा. त्यावर रबरी टोपी असते. आपण दाबतो ते रबर. ते लवते, पण छिद्र झाकलेलेच राहते. पुराच्या पाण्यात हा प्रकार चांगला. मात्र रबर उन्हाने तडकते. शिवाय १० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा भार पडतो. तेथे पाणीच बटण दाबू शकते. एक मीटरवर हा भार १०० ग्रॅम, म्हणजे नगण्य.

तिसऱ्या प्रकारात निराळे बटणच नसते. बुडाचे झाकण पिळले की दिवा लागतो. आट्यांजवळच्या खाचेत रबरी कडी बसविलेली असते. नील्स क्रिस्टेन्सन या मूळच्या डॅनिश तंत्रज्ञाला अशा कडीचे अमेरिकन पेटंट १९३९ साली मिळाले. हिची खुबी अशी की, पाण्याचा दाबच तिला फटीकडे रेटतो व फट अधिक घट्ट होते. परंतु झाकण पिळावयास दोन हात लागतात, आणि पाण्यात ते फार सैल केले तर सारेच फसते.

पाणबुड्यांच्या काही दिव्यांत बाहेर लोहचुंबक सरकतो आणि आतली कळ त्याला प्रतिसाद देते. भिंतीला छिद्रच नाही! हा उपाय उत्तम, पण महाग.

आणखी एक शत्रू ध्यानात ठेवावा, तो म्हणजे उष्णता. ५० अंशांवर तापलेली बॅटरी २५ अंशांच्या पाण्यात बुडाली की आतली हवा थंड होऊन तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. ही घट जवळजवळ ८० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढी असते. म्हणजे उथळ पाण्यातही बारीक फटीतून पाणी आत ओढले जाते.

खोक्यावरील ‘आयपीएक्स ४’ म्हणजे चहूकडून उडणारे पाणी सोसणारी, ‘७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. ‘८’ ची याहून कडक मर्यादा कारखानदार सांगतो. पण ही परीक्षा नव्या वस्तूची. पाच उन्हाळे सोसलेल्या रबराविषयी तो आकडा मुका आहे.

तेव्हा मृग लागण्यापूर्वी आपली परीक्षा आपणच घ्यावी. आटे पुसावेत, चिरलेली कडी बदलावी, तिला सिलिकॉनचे ग्रीस बोटभर फिरवावे. यंत्राचे तेल नको, त्याने काही रबरे फुगतात. मग सेल काढून आत कोरडा टिपकागद ठेवावा, झाकण लावून बॅटरी अर्धा तास बादलीत बुडवावी. कागद ओला निघाला तर दोष उन्हाळ्यातच कळला; भर पुरात कळण्यापेक्षा हे केव्हाही बरे.