बौद्धाचार्यांच्या घराची काळजी कोण घेणार?

वस्तीत लग्न ठरले, नामकरण आले, कुणाचे निधन झाले, की पहिला निरोप बौद्धाचार्यांकडे जातो. दिवसभर कारखान्यात किंवा कचेरीत राबून आलेला हा माणूस पांढरा पोशाख चढवतो आणि निघतो. त्रिसरण-पंचशील देतो, विधी पार पाडतो, चार विचार सांगतो. आपण त्याला जयभीम करून घरी जातो. त्याच वेळी त्याच्या घरी लहान पोर तापाने फणफणत असेल, आणि त्याची बायको एका हाताने तान्हे सांभाळत दुसऱ्या हाताने भाकऱ्या थापत असेल, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते?

बाबासाहेबांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षा घेतलेल्या लाखो घरांत धम्म रुजवायचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत नोकरी सांभाळून, पदरमोड करून फिरणारे असंख्य साधे कार्यकर्ते होते. आजही आहेत. भिक्खूंना संसार नसतो. या कार्यकर्त्यांना असतो. आपण त्यांच्याकडून भिक्खूइतका वेळ मागतो आणि त्यांचा संसार मात्र विसरतो.

चळवळीची किंमत घर कसे मोजते, हे माता रमाईंच्या आयुष्याने आपल्याला दाखवले आहे. बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला शिकत असताना घराचा भार त्यांनी ओढला. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यांच्या त्यागाची गाणी आपण अभिमानाने गातो. पण आज आपल्या वस्तीत एखादी भगिनी तशीच एकटी झिजत असेल, तर तिच्या त्यागाचे कौतुक करत बसण्यापेक्षा तिचा भार वाटून घेणे, हे आपले काम आहे.

कशी मदत करावी, हे श्रावस्तीच्या विशाखेकडून शिकावे. विनयपिटकाच्या महावग्गात तिची हकीकत आहे. तिने भगवंतांकडे आठ गोष्टी देण्याची परवानगी मागितली. त्यांत बाहेरून येणाऱ्या भिक्खूंना जेवण, प्रवासाला निघणाऱ्यांना जेवण, आजाऱ्याला जेवण आणि औषध या गोष्टी होत्या, आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्यालाही जेवण होते! सेवा करणारा स्वतःच्या अन्नासाठी वणवण फिरला, तर आजाऱ्याचे जेवण चुकेल, हे तिने ओळखले होते. गरज नेमकी पाहून दिलेले दान ते हेच. आपल्याला काय करता येईल, ते आता पाहू.

पहिली गोष्ट, ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नका. स्वाभिमानी माणूस कधीच सांगत नाही. त्याऐवजी ‘वहिनी, मंगळवारी पोरांना शाळेतून मी आणतो,’ असे नेमके सांगा, आणि त्या दिवशी जा.

दुसरी गोष्ट जेवणाची. वर्षावासाचे तीन महिने म्हणजे साधारण ९० संध्याकाळी. वस्तीत ४० घरे असतील आणि प्रत्येकाने फक्त दोन संध्याकाळी वाटून घेतल्या, तर ८० होतात. त्या दिवशी एक डबा पोहोचवा. वरण-भात, भाजी, भाकरी पुरे. लहान मुले आहेत, म्हणून तिखट बेताचे ठेवा. डबा देऊन निघा. चहासाठी बसून त्या माउलीचे काम वाढवू नका.

तिसरी गोष्ट मुलांची. एप्रिलमध्ये जयंतीची धावपळ, त्याच सुमारास वार्षिक परीक्षा. पावसाळ्यात वर्षावास, त्याच दिवसांत सर्दी-ताप. अशा वेळी महिला मंडळातील एकीने बाळाच्या लसीकरणाला सोबत जावे, शिकलेल्या तरुणांनी मोठ्या मुलाचा अभ्यास घ्यावा. विहारात एका कोपऱ्यात सतरंजी आणि चित्रांची पुस्तके ठेवून दोघांनी मुले सांभाळली, तर त्या भगिनीलाही कधीतरी प्रवचन शांतपणे ऐकता येईल. आणि ‘बौद्धाचार्यांचा मुलगा असून असा वागतो?’ हे वाक्य कायमचे सोडून द्या. पोर ते पोरच.

चौथी गोष्ट वेळेची. हिला एक पैसा लागत नाही. ११ वाजताचा मंगल परिणय २ वाजता लावायचा, म्हणजे एका माणसाचा आठवड्यातला सुटीचा एकुलता एक दिवस बुडवायचा. कार्यक्रम वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्या घरासाठी राखून ठेवा. दुःखद प्रसंग सोडून त्या वेळी फोन करू नका.

पाचवी गोष्ट पैशाची. मी हिशेब लिहिणारा माणूस, म्हणून स्पष्ट लिहितो. धम्मकार्याची दक्षिणा नसते, हे खरेच, पण एस.टी.चे भाडे आणि पेट्रोल कार्यकर्त्याच्या मुलांच्या दुधाच्या पैशातून जाऊ नये. विहार समितीने प्रवासखर्चाची वही ठेवावी आणि मागायची वेळ न आणता तो द्यावा. रात्री-अपरात्री दुचाकीवरून फिरणाऱ्याचा विमाही पाहावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. १८ ते ५० वयात नाव घातले, तर जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी २ लाख मिळतात. पुढच्या वर्षाचा हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो, तेव्हा खात्यात शिल्लक आहे ना, एवढी आठवण कुणीतरी करून द्यावी.

एक शब्द बौद्धाचार्य बंधूंनाही. समतेचे प्रवचन देऊन घरी आल्यावर आपले ताट आपण उचलावे. पोरांना आंघोळ घालणे हे काही कमीपणाचे काम नाही. जिथे भगिनी प्रवचनाला जातात, तिथे त्यांच्या नवऱ्यांनी चूल सांभाळावी.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्याआधीच्या विहार समितीच्या बैठकीत ग्रंथवाचनाची यादी होईलच. त्याच कागदाच्या मागे दुसरी यादी करा: डबा कुणाचा, शाळा कुणाकडे, अभ्यास कोण घेणार. एका भगिनीला आणि एका तरुणाला तिची जबाबदारी द्या. यादी करण्यापूर्वी त्या घरातल्या बाईला मात्र विचारा, ‘ताई, तुम्हाला नेमके काय हवे?’ ती सांगेल तेच यादीत पहिले लिहा.

जयभीम!