विमानाचे शवविच्छेदन

रेडिओ-नियंत्रित विमान कोसळले की मैदानावर एकच निदान ऐकू येते : ‘सिग्नल गेला!’ या छंदात अनेक विमानांचे अवशेष उलगडून पाहिल्यावर माझा पहिला संशय मात्र बॅटरीवर जातो. रिसीव्हर आणि पंख-शेपटीवरील पाती हलविणारे सर्व्हो बहुधा एकाच बॅटरीवर चालतात. १.२ व्होल्टचे चार निकेल सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात. त्यांतील एखादा जीर्ण झाला, तरी विनाभार मीटर जवळजवळ पूर्ण आकडा दाखवितो. हवेत तीव्र वळण घेताना सर्व्होंवर वाऱ्याचा ताण येतो आणि तो सेल ढासळतो. उरलेल्या तिघांचे ३.६ व्होल्टही त्या ओढीत खाली येतात, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि विमान हातचे जाते. विश्रांतीतला ईसीजी निर्दोष असलेल्या रुग्णाचा विकार ट्रेडमिलवर उघड व्हावा, तसाच हा प्रकार! म्हणूनच उड्डाणापूर्वी बॅटरी भाराखाली मोजावी. सिग्नल तुटताच इंजिन मंदावणारी ‘फेलसेफ’ व्यवस्थाही जमिनीवरच तपासावी. विमान पुन्हा बांधता येते. परंतु मैदानाच्या कडेला मुले उभी असतात, याचे भान प्रत्येक वैमानिकाने ठेवलेच पाहिजे.