पोत्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलंय. पण फोन उचलणार कोण?

शेतकरी बंधूंनो, आता दारोदार घोडा दिसत नाही हे खरे. पण ज्याच्या दारात तो आहे, त्याचे घर बरेचदा त्याच्याच चार पायांवर उभे असते. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांना फिरवणारा घोडेवाला, लग्नसराईत वरातीला घोडी देणारा, मेंढरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड घोड्यावर लादून हिंडणारा धनगर, घाटातल्या बैलगाडा शर्यतीत पुढे पळणारी घोडी सांभाळणारा शेतकरी, या सगळ्यांचे भांडवल म्हणजे ते एक जनावर. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते. तिथल्या बाजारात घोड्याला जी किंमत सांगितली जाते, ती ऐकली की हे भांडवल केवढे मोठे आहे ते समजते.

आता मुद्द्यावर येऊ. पूर्वी घोड्याची चंदी घरातच तयार व्हायची. भिजवलेला हरभरा, जव किंवा ओट, थोडा कोंडा, मीठ, आणि पुढ्यात कडबा नाहीतर गवत. तोबरा चढवला की काम झाले. आज तयार खाद्याचे पोते आले आहे. वर उमद्या घोड्याचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’. पोते सोयीचे आहे यात वाद नाही. भिजवायची कटकट नाही, बाहेरगावी गेलो तर घरची मंडळी मोजून घालू शकतात. चांगल्या खाद्यावर घोड्याच्या अंगावर चकाकी येते, खूर सुधारतात असे सांगणारे घोडेवालेही आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत.

पण दुसरी बाजूही घोडेवाल्यांच्या बोलण्यात येते. पहिली दोन पोती उत्तम निघाली, तिसऱ्याला वास वेगळाच. घोडी तोंड लावीना. दुकानदार म्हणतो, मी फक्त विकतो, कंपनीला विचारा. पोत्यावरचा नंबर लावावा तर तो बंद, नाहीतर सकाळी करा, संध्याकाळी करा. यात्रेत पोती विकून गेलेला माणूस पुन्हा दिसतच नाही. याउलट एखादी कंपनी अशीही भेटते की पहिल्याच फोनला पोत्यावरचा बॅच नंबर विचारते, ते खाद्य ताबडतोब थांबवायला सांगते आणि पोते बदलूनही देते. खाद्य दोघांचेही नैसर्गिकच असते. फरक असतो तो जबाबदारी घेण्यात, आणि पोते विकत घेताना आपण नेमके तेच तपासत नाही.

‘नैसर्गिक’ शब्दाची खरी किंमत

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण आधी डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस काय झाले बघा. कोलोरॅडो राज्यातल्या एका कंपनीने लसूणघास वाळवून, दाबून त्याचे छोटे ठोकळे पोत्यात भरून विकले. म्हणजे निव्वळ चारा, याहून नैसर्गिक ते काय असणार? पण काही पोत्यांतल्या ठोकळ्यांमुळे घोड्यांना बोटुलिझम झाला. हे एका जिवाणूच्या विषाने होणारे दुखणे आहे. घोड्याचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, लाळ गळते, शेवटी तो खाली बसतो तो उठत नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार चार राज्यांत किमान ९८ घोडे आजारी पडले आणि त्यांतले किमान ४५ दगावले किंवा त्यांना मरण द्यावे लागले.

चारा कापताना, बांधताना उंदीर, साप, पाखरू त्यात मरून दाबले गेले तर कुजताना हे विष तयार होऊ शकते. हे आपल्या गंजीतही घडू शकते आणि नीट न झालेल्या मूरघासातही. म्हणून गाईसाठी केलेला मूरघास घोड्यापुढे टाकू नये.

या प्रकरणातून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. कोणती पोती परत द्यायची हे लोकांना पोत्यावर छापलेल्या तारखेच्या आकड्यांवरून सांगण्यात आले. ज्याने खाद्य पिंपात ओतून रिकामे पोते चुलीत घातले असेल, त्याने ते आकडे कुठे शोधायचे?

गाईचे ते घोड्याचे नव्हे

दुसरी गोष्ट २०१५ सालची, कॅलिफोर्नियातली. तिथल्या एका गिरणीतून आलेल्या घोड्याच्या खाद्यात मोनेन्सिन मिसळले गेले आणि एका तबेल्यातले घोडे त्याला बळी पडले. मोनेन्सिन हे औषध कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून त्यांच्या खाद्यात घालतात. काही देशांत गुरांच्या खाद्यातही ते असते. कोंबडीला चालते, गाईला ठराविक प्रमाणात चालते, घोड्याला मात्र ते जहर आहे. दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅमसुद्धा जीवघेणे ठरू शकते. घोडा खाणे सोडतो, घामाघूम होतो, पोट दुखल्यासारखे करतो, झोकांड्या खातो, लघवी गडद होते आणि हृदयच दगा देते. यावर उतारा नाही. गंमत अशी की हे मोनेन्सिनही मुळात मातीतल्या एका जिवाणूपासूनच मिळते. म्हणजे तेही नैसर्गिकच!

यावरून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, कोंबड्यांचे खाद्य आणि गुरांची गोळी पेंड घोड्याच्या तोबऱ्यात कधीही घालू नका. उरले आहे, वाया जाईल, म्हणून तर मुळीच नको. गुरांच्या खाद्याच्या पोत्यावरचा आयएसआय शिक्का गुरांच्या मानकाचा असतो, घोड्याच्या नव्हे. दोन, घोड्याचे खाद्य जिथे बनते त्याच यंत्रावर कोंबडीचे किंवा गुरांचे खाद्य बनते का, हे कंपनीला विचारा. बनत असेल तर मधे यंत्र कसे साफ करतात तेही विचारा.

घरच्या चंदीलाही डोळे झाकून मान डोलावू नका

हे वाचून कोणी म्हणेल, मग पोतेच नको, आपली घरचीच चंदी बरी. तसेही नाही. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे. वर्षानुवर्षे नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे पोकळ होतात आणि तोंडाची हाडे सुजल्यासारखी दिसतात. युरोपात पूर्वी पीठगिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावरच पोसले जात. त्यांच्यात हे दुखणे इतके दिसे की त्याला गिरणीवाल्यांचेच नाव पडले. कोंडा चवीपुरता ठेवा, जोडीला थोडा लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम चांगले असते. बुरशी लागलेला मका तर घोड्याला कधीच नको. त्यातल्या विषाने थेट मेंदू सडतो.

मापाचेही तसेच. चंदी डब्याने मोजायची आपली जुनी सवय. पण एक डबा ओट आणि एक डबा मका यांच्या वजनात मोठा फरक पडतो. एकदा काट्यावर वजन करा आणि डब्याला खूण करून ठेवा. पोत्यावरचे प्रमाण घोड्याच्या वजनावर असते, म्हणून घोड्याचे वजनही माहीत हवे. त्याला काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे वजन किलोत आले. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर घोडा ३२३ किलोच्या आसपास भरतो. अशा घोड्याला रोज कमीत कमी पाच किलो कोरडा चारा मिळायलाच हवा. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर नको. घोडा रवंथ करत नाही, त्याचे जठर लहान असते आणि त्याला ओकताही येत नाही. पोटात गेलेली चूक बाहेर यायला वाट नसते.

पोते घेण्याआधी एक फोन करा

पैसे मोजण्याआधी पोत्यावरच्या नंबरवर फोन करा. फोन लागतो का, बोलणारा माणूस नीट सांगतो का, हीच कंपनीची पहिली परीक्षा. त्याला चार गोष्टी विचारा:

१) पोत्यात काय काय आहे आणि प्रथिने, तंतू, कॅल्शियम, फॉस्फरस किती टक्के?

२) या बॅचची तपासणी झाली आहे का, आणि अहवाल मिळेल का?

३) त्याच गिरणीत कोंबडीचे किंवा गुरांचे खाद्य होते का?

४) घोडा आजारी पडला तर कोणाशी बोलायचे, आणि पोते परत घेणार का?

उत्तरे टाळणारी कंपनी नंतरही टाळणारच. पोत्यावर बनवणाऱ्याचे नाव, पूर्ण पत्ता, बॅच नंबर, बनवल्याचा महिना, निव्वळ वजन आणि तक्रारीचा नंबर नसेल, तर ते कितीही स्वस्त असो, तिथेच राहू द्या. आणि पक्के बिल घ्याच. चार-दोन रुपये वाचवायला बिल सोडले की पुढे तोंड उघडायची सोय राहत नाही.

नवे खाद्य सुरू करताना घाई नको. सात ते दहा दिवस घ्या. आधी जुने तीन भाग आणि नवे एक भाग, मग निम्मे-निम्मे, मग नवे तीन भाग, आणि शेवटी पूर्ण नवे. एकदम बदल केल्याने पोटशूळ झाला तर तो दोष पोत्याचा नसतो, आपल्या घाईचा असतो.

काही बिघडलेच तर

घोडा पायाने जमीन उकरतोय, वळून पोटाकडे बघतोय, लोळतोय, लीद बंद आहे, किंवा चालताना झोकांड्या देतोय, तर संशयाचे खाद्य सगळ्याच जनावरांचे बंद करा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. उरलेले खाद्य फेकू नका, कोणाला देऊही नका. त्यातले अर्धा-अर्धा किलो दोन स्वच्छ पिशव्यांत भरा, तोंड बांधा, तारीख घाला आणि कोरड्या जागी ठेवा. पोत्याचे आणि त्यावरच्या छपाईचे फोटो काढा. डॉक्टरांनी काय पाहिले ते लेखी घ्या. जनावर गेलेच, तर दुःख बाजूला ठेवून आधी शवविच्छेदन करून घ्या. एकदा पुरले की पुरावाही पुरला गेला. डॉक्टरांमार्फत नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

कंपनीला फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. लेखी कळवा, बॅच नंबर लिहा आणि प्रत जपून ठेवा. नुसत्या फोनवर कंपनीने ‘बघतो’ म्हटलेले पुढे कुठे सिद्ध होत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे

अनेकांना वाटते, घोडा धंद्याचा, म्हणून ग्राहक कायदा आपल्याला नाही. हा गैरसमज आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी खरेदीत धरत नाहीत. टांगेवाला, वरातीचा घोडेवाला, माथेरानचा घोडेवाला हे सगळे यात बसतात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आयोग खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तुम्ही बांधून ठेवलेली पिशवी तेव्हा कामाला येते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनीही यात थोडे लक्ष घालावे. आपल्या गावच्या यात्रेत किंवा बाजारात जनावरांचे खाद्य विकणाऱ्याला जागा देताना त्याचे नाव, पत्ता, मोबाईल आणि कोणत्या कंपनीचा माल आहे, एवढे एका वहीत लिहून घ्या. त्याला खर्च शून्य. उद्या एखाद्याचे जनावर दगावले तर पंचनाम्याला त्याच दिवशी उभे राहा. आणि एका बॅचची तक्रार आली की गावातल्या बाकीच्या घोडेवाल्यांना लगेच कळवा, दवंडी द्या किंवा मोबाईलवर निरोप टाका. एकाचा घोडा आजारी पडला म्हणून दहांचे घोडे वाचू शकतात.

तेव्हा बंधूंनो, पोते घ्या किंवा घरची चंदी घाला, ती तुमची मर्जी. पोते घेतलेत तर खाद्य संपेपर्यंत, आणि त्यानंतरही निदान महिनाभर, बिल आणि पोत्यावरचा छापील भाग खुंटीला अडकवून ठेवा. उद्या वेळ आलीच, तर तुमच्या बाजूने बोलायला तेवढेच असणार आहे.